टनर

तो कधी उभा राहत नाही. ट्रकमधून येतो तो आडवा, कामाला लागतो तो आडवा आणि रिकामा होऊन परत जातो तोही आडवाच. जमिनीत पक्क्या बसवलेल्या लोखंडी रुळांवर त्याला ठेवतात, म्हणजे हवं तेव्हा जागच्या जागी कुशीवर वळवता येतं. लांबी दोन मीटरच्या आसपास. घेर एवढा की एकट्या माणसाच्या कवेत येत नाही. दोन्ही टोकं आत दबलेली, परातीसारखी. आणि सर्वांगाला सोनेरी पिवळा रंग, हळदीला बसवलेल्या नवरदेवासारखा माखलेला. हा रंग हौसेचा नाही. आपल्याकडे क्लोरीनच्या सिलिंडरला तोच रंग द्यायचा असा नियम आहे. त्याचं नाव टनर. पोटात ९०० किलो क्लोरीन मावतो आणि स्वतःचं वजन सहाशे-सातशे किलो, म्हणजे भरला की दीड टनाचा ऐवज.

माझी आणि त्याची पहिली भेट मामांमुळे झाली. मामा लखनौजवळच्या एका कारखान्यात जलशुद्धीकरण विभागात होते. मी नववीत असताना मे महिन्यात आईबरोबर पुष्पक एक्सप्रेसने लखनौला गेले होते. दुपारच्या उन्हात बाहेर पाऊल ठेवायची सोय नव्हती, म्हणून संध्याकाळी मामांनी मला त्यांचा विभाग दाखवायला नेलं. गाळण्याचे हौद, तुरटीच्या पाण्याची टाकी, पंपांची घरघर हे सगळं पाहून झाल्यावर शेवटी एका बाजूला, इतर इमारतींपासून अंतर राखून बांधलेली एक शेड आली. तिच्या भिंतीत खालच्या बाजूला, जमिनीलगत, पंखे बसवले होते. आमच्या घरी धूर बाहेर काढणारा पंखा वर छताशी होता, म्हणून मला नवल वाटलं. मामा म्हणाले, "अगं, धूर वर जातो. हा खाली बसतो. हवेच्या अडीचपट जड आहे."

शेडमध्ये तो पडला होता. त्याच्या पलीकडे त्याचे आणखी दोन भाऊ. मी आत जाणार तोच मामांनी दारात थांबवलं. आधी त्यांनी स्वतः नाक वर करून एक छोटा श्वास घेतला, मग भिंतीवरचं पंख्याचं बटण दाबलं, थोडं थांबले आणि मगच "चल" म्हणाले. पुढची सगळी वर्षं मी त्यांना कुठल्याही बंद खोलीत, अगदी घरच्या कोठीच्या खोलीतसुद्धा, असंच शिरताना पाहिलं आहे.

त्याच्या पोटात काय असतं ते मामांनी मला तिथेच सांगितलं. क्लोरीन हा खरं तर वायू, फिकट पिवळा-हिरवा. त्याला त्याचं नाव १८१० साली हम्फ्री डेव्हीने दिलं, ग्रीक भाषेतल्या हिरवटपणाच्या शब्दावरून. पण टनरमध्ये तो दाबाखाली द्रव होऊन बसलेला असतो आणि त्या द्रवाच्या डोक्यावर थोडी जागा वायूची. द्रव क्लोरीन उणे ३४ अंशांनाच उकळायला लागतो. म्हणजे लखनौच्या कुठल्याही ऋतूत, जानेवारीच्या गोठवणाऱ्या धुक्यातसुद्धा, तो आत उकळायच्या तयारीतच असतो आणि केवळ पोलादाची भिंत त्याला धरून ठेवते. वीस अंशांना आतला दाब वातावरणाच्या सहा-सात पट. चाळिशीच्या पुढे पारा गेला की अकरा पटींच्या घरात. म्हणून त्याला सावली लागते. उन्हात ठेवलेला टनर मामांना बघवत नसे. ट्रक उतरवायला वेळ लागला तर ते स्वतः ताडपत्री घेऊन धावत.

एका टोकाला झाकणाखाली दोन व्हॉल्व्ह असतात, आणि ते दोन्ही एका उभ्या रेषेत, एकावर एक, येतील अशा बेताने टनर रुळांवर फिरवून ठेवायचा. वरचा उघडला तर वायू येतो, खालचा उघडला तर द्रव. एकच पोट, पण वरच्या तोंडाने बोलला तर एक भाषा आणि खालच्या तोंडाने बोलला तर दुसरी. द्रव बाहेर आला तर एका लिटरचा साडेचारशे लिटरांहून जास्त वायू होतो. म्हणून गळती खालच्या अंगाला असेल तर पहिलं काम म्हणजे टनर फिरवून गळणारी जागा वर आणायची. तोंड बंद करता आलं नाही तरी निदान द्रवाऐवजी वायू येतो आणि गळती कितीतरी कमी होते. ते कुशीवर वळवणारे रूळ यासाठी असतात, हे मला त्या दिवशी कळलं. दोन्ही टोकांना तीन-तीन मऊ धातूच्या गुडद्या असतात. आग लागून टनर तापलाच तर सत्तर अंशांच्या पुढे त्या वितळतात आणि पोट फुटण्याआधी वायूला वाट मिळते. वाट मिळणं हेही संकटच, पण फुटण्यापेक्षा लहान.

त्याचं रोजचं काम मात्र इतकं हलकं की पाहणाऱ्याला विश्वास वाटू नये. तांब्याची एक वळणदार नळी त्याच्या तोंडाला जोडलेली. तिला सगळे पिगटेल म्हणतात. पुढे भिंतीवर एक यंत्र आणि त्यात उभी काचेची नळी. नळीत एक गोळी तरंगत असते. गोळी जितकी वर, तितका वायू जास्त. पाण्याच्या वेगवान धारेने निर्माण होणारी पोकळी वायूला टनरमधून ओढून घेते, म्हणजे तो ढकलला जात नाही, बोलावला जातो. पाण्याची धार थांबली की बोलावणंही थांबतं. मामा त्या गोळीकडे असे पाहायचे जसं घरातलं माणूस आजाऱ्याच्या छातीच्या वर-खाली होण्याकडे पाहतं.

हिशेब माझ्यासमोरच त्यांनी कागदावर मांडला होता. लिटरमागे दोन मिलिग्रॅम क्लोरीन धरला तर एक टनर ४५ कोटी लिटर पाण्याला पुरतो. पाणी हौदातून सुटलं, नळातून फिरलं, तरी शेवटच्या नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे, तरच वाटेत कुठे घाण शिरली तर ती मारायला कुणीतरी जागं आहे. कारखान्यात त्याचं आणखी एक काम असतं. थंड करण्याच्या मनोऱ्यांतल्या पाण्यात शेवाळ धरू नये, नळ्यांच्या आत बुळबुळीत थर बसू नये, हेही तोच पाहतो.

लखनौ शहर गोमतीचं पाणी पितं. गऊघाटावर नदीतून उचललेलं पाणी ऐशबागच्या जलकलात येतं. तिथलं जलकल एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातलं. वॉटर वर्क्सला तिकडे जलकल म्हणतात, आणि मला तो शब्द फार आवडतो. कल म्हणजे यंत्र, पण मराठी कानाला त्यात पाण्याचा कलही ऐकू येतो. मामी चाळीस वर्षं लखनौत राहून अर्ध्या लखनवी झालेल्या. नळाचा पहिला तांब्या भरून नाकाशी नेत आणि म्हणत, "आज दवा जास्त पडलीय." आपल्याकडे गावात हेच वाक्य "पाण्याला पावडरचा वास येतोय" असं होतं. ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत टीसीएल टाकतो. ही टीसीएल म्हणजे ट्रॉपिकल क्लोराइड ऑफ लाइम, उष्ण प्रदेशात टिकावी म्हणून केलेली ब्लीचिंग पावडर. मग आरोग्यसेविका काचेच्या नळीत नळाचं पाणी घेऊन ओटी नावाच्या रसायनाचे थेंब टाकते आणि पिवळा रंग येतो का ते बघते. त्या चिमूटभर पावडरीचा आणि दीड टनाच्या टनरचा प्राण एकच.

या प्राण्याचं हिंदुस्थानाशी जुनं नातं आहे. दाबाखाली द्रव केलेला क्लोरीन सिलिंडरमध्ये भरून पिण्याच्या पाण्यासाठी वापरता येईल, ही रीत मांडली व्हिन्सेंट नेसफील्ड या इंडियन मेडिकल सर्व्हिसमधल्या अधिकाऱ्याने, १९०३ साली. पटकी आणि विषमज्वराने पलटणीच्या पलटणी झोपत असत तो काळ. माणसांना वाचवण्यासाठी क्लोरीन लोखंडात भरायचा, हा विचार त्यातून आला. बारा वर्षांनी, २२ एप्रिल १९१५ ला, बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन सैन्याने पाच हजारांहून अधिक सिलिंडरांची तोंडं वारा बघून उघडली. दीडशे टनांहून जास्त क्लोरीन खंदकांवरून सरकत गेला. पुढच्या चारच दिवसांत लाहोर डिव्हिजनचे हिंदी शिपाई त्याच रणभूमीवर गॅससमोर उभे होते, आणि तोंडावर धरायला ओल्या फडक्याखेरीज त्यांच्याकडे फारसं काही नव्हतं. तोच द्रव, तसंच लोखंडी भांडं. मला टनरच्या पिवळ्या अंगाकडे बघताना ही दोन्ही वर्षं एकदम आठवतात. त्याच्यावर कोणतंही एक वर्ष लादणं मला अन्यायाचं वाटतं.

त्याचा स्वभाव ओळखायचा असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. तो कोरडा असेपर्यंत पोलादाशी त्याचं भांडण नाही. म्हणून तर साध्या पोलादाच्या पोटात तो वर्षानुवर्षं राहू शकतो. पण ओलाव्याचा एक थेंब लागला की त्याची आम्लं होतात आणि ज्या भिंतीने त्याला सांभाळलं तिलाच तो खायला लागतो. गळतीवर पाणी मारू नये, हे जलकलातल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी शिकवतात, कारण पाणी मारलं की भोक मोठं होतं. घाबरलेल्या माणसाचा हात मात्र नेमका पाण्याच्या पाइपाकडे जातो. आपल्या फुप्फुसातही ओलच असते. तिथेही तो तेच करतो, आम्ल होतो.

हवेच्या दहा लाख भागांत त्याचा एक भागही नसताना नाकाला तो कळतो. इतका प्रामाणिक विषारी वायू दुसरा क्वचित असेल. कार्बन मोनॉक्साइडसारखा तो न सांगता येत नाही. एक-दोन भागांना डोळे चुरचुरतात, घसा धरतो. दहा भाग असलेल्या हवेत साधनाशिवाय थांबणं म्हणजे जिवाशी खेळ. हजाराच्या जवळ गेला तर काही श्वासांचा प्रश्न. बारीक गळती शोधायला मामा अमोनियाचा बोळा वापरत. काठीच्या टोकाला कापूस, अमोनियात भिजवलेला. तो सांध्याजवळून हळूहळू फिरवायचा. जिथून क्लोरीन निसटत असेल तिथे पांढराशुभ्र धूर उमटतो, उदबत्तीच्या धुरासारखा. मला त्यांनी तो दाखवला नाही, कारण त्या दिवशी कुठेच गळत नव्हतं. मी जरा हिरमुसले होते. "न दिसणं हेच बरं," एवढंच ते म्हणाले.

तो धूर दिसला त्या रात्रीची गोष्ट मला कित्येक वर्षांनी कळली, तीही मामींकडून.

डिसेंबर होता. लखनौचं धुकं असं की हातातल्या कंदिलापुढे हात दिसू नये. हवा थिजलेली, वारा नाही. रात्रपाळीत टनर बदलायचा होता. पिगटेल जिथे व्हॉल्व्हला बसते तिथे शिशाचा एक वॉशर असतो, जुन्या पैशाएवढा. तो दर वेळी नवा घालायचा. शिसं मऊ असतं, आवळल्यावर ते सांध्याच्या आकाराचं होऊन बसतं, आणि एकदा एका सांध्याचं झालेलं शिसं दुसऱ्या सांध्याला नीट बसत नाही. त्या रात्री भांडारात वॉशर नव्हता. मागणी लिहून महिना झाला होता. पाणी थांबवून चालणार नव्हतं, सकाळी वसाहतीला पाणी सोडायचं होतं. जुनाच वॉशर घासूनपुसून घातला. व्हॉल्व्ह उघडला, काही गळलं नाही. अर्ध्या तासाने गळायला लागलं.

मामा दुसऱ्या इमारतीत होते. शेडमध्ये एक मदतनीस पोरगा होता, विशी-बाविशीचा, जवळच्या मलिहाबादकडचा, आंब्याच्या बागांच्या गावातला. श्वसनाचा संच कपाटात होता आणि कपाटाची किल्ली मुकादमाकडे. पोरगा थांबला नाही. गमछा तोंडावर घेऊन आत गेला, व्हॉल्व्ह बंद केला आणि बाहेर आला. सगळं मिळून एखादं मिनिट. मामा पोहोचले तेव्हा तो बाहेर ओट्यावर बसून खोकत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसत होता. त्याने चहा घेतला. "मैं ठीक हूँ साहब," म्हणाला. मामांना त्याला दवाखान्यात न्यायचं होतं, पण रात्रीची गाडी, धुकं आणि तो स्वतः बरा आहे म्हणतोय. राहिलं.

पहाटे चारच्या सुमाराला त्याला श्वास घेता येईना. क्लोरीनचं हेच आहे. नाकाला जितका प्रामाणिक, फुप्फुसाला तितका नाही. आत गेलेला वायू लगेच मोकळं करतो आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरायला लागतं. म्हणून गॅस लागलेल्या माणसाला, तो कितीही बरा दिसो, कित्येक तास नजरेखाली ठेवावं लागतं. त्याला उतारा नाही. ऑक्सिजन, विश्रांती आणि देखरेख, एवढंच. पोरगा वाचला. पण पुढे जिना चढताना मध्ये थांबायचा. बागेच्या कामाला त्याचा दम पुरेना आणि मामांनी खूप धडपड करून त्याला कारखान्याच्या फाटकावर बसायचं काम मिळवून दिलं. अहवालात गळती "किरकोळ" लिहिली गेली. वॉशरचा उल्लेख नव्हता.

ही गोष्ट सांगून मामी उठल्या आणि शिवणाचा डबा घेऊन आल्या. बटणं, हूक, दोऱ्याच्या रिळांखाली शिशाचे वॉशर होते, पंधरा-वीस. त्या रात्रीनंतर मामा पदरच्या पैशाने वॉशर आणून ठेवत, खिशात दोन आणि घरी बाकीचे. निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती.

या प्राण्याचा एक सख्खा जुळा भाऊ आहे, आणि तो माहीत असल्याशिवाय याचं चित्र पुरं होत नाही. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की एका बाजूला क्लोरीन सुटतो आणि दुसऱ्या बाजूला कॉस्टिक सोडा तयार होतो. दोघांचा जन्म एकाच मिठाच्या पोटी, एकाच वेळी. साबणाला, कागदाला, कापडाला कॉस्टिक हवा असतो म्हणून तो करायला घेतला की क्लोरीन बरोबर येतोच. आणि टनर बेकाबू झाला तर त्याला शांत करायला हाच भाऊ लागतो. शेडशेजारी कॉस्टिकच्या पाण्याचा किंवा चुन्याचा हौद ठेवतात. सुटलेला वायू त्यात सोडला की तो निवतो. हिशेबाने किलोला किलो आणि वर थोडा, म्हणजे एका भरल्या टनरला हजार किलोच्या वर कॉस्टिक. तो हौद भरलेला आहे का, त्यातला कॉस्टिक वर्षानुवर्षं हवा खाऊन बाद तर झाला नाही, हे कुणीतरी बघावं लागतं. आपल्याकडच्या बहुतेक शेडमध्ये तो हौद असतो. तो बघणारं माणूस असतं की नाही, एवढाच प्रश्न मी आता कुठल्याही जलकेंद्रात गेले की विचारते.

२००८ च्या मे महिन्यात जमशेदपूरला एका वाहनांच्या कारखान्यातल्या जलशुद्धीकरण केंद्रातून क्लोरीन सुटला आणि शंभराच्या वर माणसांना रुग्णालयात न्यावं लागलं. बातमी वाचली तेव्हा मामांनी फोन केला होता. जमशेदपूरशी त्यांचा काही संबंध नव्हता. पण पाणी साफ करणाऱ्या शेडमधून हे झालं, याची त्यांना नातेवाईकाने गुन्हा करावा तशी शरम वाटली होती.

मला मात्र याहून जास्त छळते ती शिवडीची गोष्ट. शिवडी म्हटलं की मुंबईकरांना चिखलावर उतरणारे रोहित पक्षी आठवतात. त्याच किनाऱ्यावर हाजी बंदरात मुंबई पोर्ट ट्रस्टची धोकादायक मालाची वखार. तिथे १९९७ पासून १४१ सिलिंडर पडून होते. आमच्या टनरचेच भाऊबंद. त्यांना कुणी बोलावलं नाही, कुणी नेलं नाही. मालकी कागदात अडकलेली आणि माल जागेवर. तेरा वर्षं समुद्राची खारी हवा, तेरा पावसाळे. बाहेरून गंज खात होता आणि आत तो वाट बघत होता. १४ जुलै २०१० ला पहाटे तीनच्या सुमारास, भर पावसाळ्यात, त्यांतल्या सुमारे साडेसहाशे किलो वजनाच्या एका सिलिंडरने दम सोडला. शेजारी सागरी शिक्षण घेणारी पोरं झोपली होती, बंदरातले कामगार होते. मग बंब घेऊन आलेले अग्निशमन दलाचे जवान. शंभराहून अधिक जणांना त्या वायूने धरलं, कित्येकांची अवस्था गंभीर झाली.

टनर ज्या शेडमध्ये कामाला असतो तिथे दिवसातून दहा वेळा त्याच्याकडे कुणीतरी बघतं. काट्यावर त्याचं वजन घेतात, कारण पोटात किती उरलं हे वजनाशिवाय कळत नाही. त्याचा वास घेतात. दर दोन वर्षांनी त्याच्यात पाणी भरून दाबाची चाचणी करतात, मग तो आतून पूर्ण वाळवतात आणि अंगावर तारीख ठोकतात. त्याला परवाना, तपासणी, सगळं काही आहे. देशातल्या अशा सगळ्या सिलिंडरांचा कारभार पाहणाऱ्या पेसो या सरकारी संस्थेचं मुख्य कार्यालय आपल्या नागपुरातच आहे. एवढी सगळी नजर असताना तो बिघडत नाही, किंवा बिघडला तरी लहानसा, अमोनियाच्या बोळ्यात सापडेल एवढा. शिवडीच्या सिलिंडरांना तेरा वर्षांत कुणी हात लावून पाहिलं असतं, एखाद्याने पांढरा धूर बघितला असता, तर त्या पोरांची झोप मोडली नसती. मी हे हळहळून लिहिते आहे, कारण या गोष्टीत दुष्ट असं कुणी नाही. फक्त १४१ जणांच्या वाट्याला एकही मामा आला नाही.

रिकाम्या टनरचंही असंच. तो कधीच पुरता रिकामा नसतो. वजन टेकलं, गोळी खाली बसली, खडूने "खाली" लिहिलं, तरी पोटात काही किलो वायू राहतोच, आणि राहू द्यायचाच असतो, म्हणजे बाहेरची ओली हवा आत शिरत नाही. व्हॉल्व्ह घट्ट बंद, त्यावर टोपी, मग वरून मोठं झाकण. भरलेल्याला सगळे जपतात. रिकाम्याला लोक अंगणात लोटून देतात, त्याच्यावर बसून बिडी ओढतात. मामा मात्र रिकाम्यांना ओळीत लावत आणि त्यांच्या टोप्या स्वतः तपासत.

धोकादायक रसायनांबद्दलच्या १९८९ च्या नियमांत क्लोरीनसाठी पहिला उंबरठा १० टनांचा आहे. त्याच्यावर साठा असला की आणीबाणीचा आराखडा आणि आजूबाजूच्या लोकांना आधीच कल्पना देण्याची सक्ती येते. अकरा टनर म्हणजे ९.९ टन. नियम लिहिणाऱ्यांना कुठेतरी रेघ मारावीच लागते, हे मला समजतं. पण ऐशबागेत ईदगाह आणि रामलीला मैदान एकमेकांना खेटून आहेत, आजूबाजूला दाट वस्ती, रेल्वेचे रूळ. जलकल बांधलं तेव्हा शहर त्याच्यापासून दूर होतं, आता ते त्याच्या भोवताली आहे. कितीतरी शहरांत असंच झालंय. गॅस सुटला तर वाऱ्याच्या आडव्या दिशेने, उंच जागी जायचं, तळघरात उतरायचं नाही, तोंडाला ओलं फडकं. ही चार वाक्यं जलकलाच्या भिंतीपलीकडच्या घरांना ठाऊक असायला हवीत, साठा एका टनरचा असो की बारांचा. मी मामींच्या शेजारणींना ती सांगून आले आहे.

हळूहळू त्याचे दिवस सरत चालले आहेत. कित्येक केंद्रांत आता मिठाच्या पाण्यातून जागेवरच हायपोक्लोराइट तयार करतात, साठा ठेवायचाच नाही. लखनौतल्याच भारतीय विषविज्ञान संशोधन संस्थेने, १९६५ सालच्या त्या संस्थेने, पाणी निर्जंतुक करणारं ओनीर नावाचं उपकरण तयार केलं आहे. मामांना मी त्याची माहिती वाचून दाखवली तेव्हा त्यांनी शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकली. म्हणाले, चांगलं आहे, फार चांगलं आहे. मग जरा वेळाने विचारलं, "पण त्याच्याकडे बघायला माणूस ठेवणार ना?"

मागच्या हिवाळ्यात मी लखनौला गेले होते. मामा आता ऐंशीच्या पुढे, ऐकायला कमी येतं. त्यांना डॉक्टरकडे घेऊन कानपूर रोडने परत येत होतो. रिक्षा सिग्नलला थांबली आणि शेजारच्या रांगेत एक ट्रक येऊन उभा राहिला. ताडपत्री मागून थोडी उडालेली आणि तिच्याखाली पिवळी टोकं. मी काही बोलायच्या आत मामा काठीवर भार देऊन पुढे झुकले होते. ओठ हलत होते. सिग्नल सुटला, ट्रक हलला, रिक्षावाल्याने गिअर टाकला. मामा मागे टेकले.

"सहा होते," म्हणाले. "पाचांना झाकण होतं. सहाव्याचं दिसलं नाही. अगं, नंबर टिपलास का ट्रकचा?"

मी टिपला नव्हता. रिक्षावाल्याला मी म्हटलं, भैया, जरा उस ट्रक के पीछे लेना.